घरातले वाय-फाय आणि बदलते पत्ते : प्रस्तावना

सप्टेंबर २०२० मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १४ आणले, आणि घरचे राउटर सांभाळणाऱ्या अनेकांना एक नवे कोडे पडले. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी, तर कालपर्यंत नावानिशी दिसणारा फोन गायब, आणि त्याच्या जागी कोणत्याही कंपनीशी न जुळणारे एक अनोळखी उपकरण हजर. रात्री दहानंतर मुलांच्या फोनचे नेट बंद करणारा नियम अचानक लागू होईना. ‘नवीन उपकरण जोडले गेले’ अशा सूचना पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. पासवर्ड शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळला की काय, या शंकेने काहींनी तो बदलूनही टाकला. प्रत्यक्षात पासवर्ड फुटला नव्हता आणि राउटरही बिघडले नव्हते. फोनने आपला पत्ता बदलला होता, आणि तो समजून-उमजून बदलला होता.

अँड्रॉइड १० ने हीच गोष्ट वर्षभर आधी, २०१९ मध्ये सुरू केली होती. आजचे बहुतेक फोन घरच्या वाय-फायला आपला कारखान्यातला पत्ता सांगतच नाहीत. ते त्या नेटवर्कपुरता एक वेगळा पत्ता तयार करतात आणि तोच दाखवतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये त्याला ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ म्हणतात, अँड्रॉइडमध्ये ‘रँडमाइज्ड मॅक’. हा बदल का करावा लागला, त्यामुळे घरातल्या कोणत्या सोयी अडखळल्या आणि त्या पुन्हा नीट कशा बसवायच्या, हा या पुस्तिकेचा विषय आहे. पुस्तिकेची भूमिका पहिल्याच पानावर सांगितलेली बरी. फोनने आपला कायमचा पत्ता झाकून ठेवणे योग्य आहे. घरच्या नेटवर्कने त्या पत्त्याला ओळखपत्र मानले, तिथे गफलत झाली.

हा पत्ता म्हणजे मॅक पत्ता. त्याचा जन्म वाय-फायच्या कितीतरी आधीचा. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची सुरुवात केली. त्या प्रायोगिक इथरनेटमध्ये यंत्राचा पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता. एका केबलवर २५६ पत्ते, आणि कोणत्या यंत्राला कोणता द्यायचा हे तिथल्या माणसांनी ठरवायचे. एका प्रयोगशाळेला ते पुरेसे होते. हजारो इमारतींत हजारो केबल टाकल्या जाणार असतील, तर मात्र दोन यंत्रांना चुकून एकच क्रमांक मिळण्याचा धोका होता.

डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये इथरनेटची जी संयुक्त मानक नियमावली काढली, तिच्यात पत्ता ४८ बिटांचा झाला. एवढा लांब पत्ता का, याचे विवेचन योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मधील एका शोधनिबंधात केले. दलाल हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. इंटरनेटच्या टीसीपी नियमावलीचा डिसेंबर १९७४ मधील मसुदा ज्या तिघांच्या नावावर आहे, त्यांत व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर दलालही आहेत. त्यांचा आणि प्रिंटिस यांचा विचार सरळ होता. प्रत्येक यंत्राला जन्मतःच जगात एकमेव असा क्रमांक द्या, म्हणजे ते कुठेही नेऊन जोडले तरी कोणाला काही ठरवत बसावे लागणार नाही.

४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक बसतात. त्यांच्या वाटपाचे काम पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आले. पत्त्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे २४ बिटे, संस्था कंपनीला देते. उरलेली २४ बिटे कंपनी एकेका यंत्राला वाटते. राउटर एखाद्या उपकरणापुढे ‘सॅमसंग’ किंवा ‘ॲपल’ असे लिहितो, ते याच पहिल्या भागावरून. कोणता भाग कोणत्या कंपनीचा, ही यादी सार्वजनिक आहे.

या रचनेत पत्त्याचे काम एकच होते. एका केबलवर किंवा एका खोलीच्या हवेत निघालेला डेटा नेमक्या यंत्रापर्यंत पोहोचवायचा. यंत्र कोणाचे आहे, ते वापरणारा मुलगा आहे की आजी, त्याला नेट द्यावे की नाही, असल्या प्रश्नांची उत्तरे या क्रमांकातून मिळावीत, असा हेतू कधीच नव्हता. तरीही क्रमांक एकमेव होता, कायमचा होता आणि सहज वाचता येत होता. त्यामुळे हळूहळू सगळ्यांनी तो ओळखीसाठी वापरायला घेतला.

घरच्या राउटरने तर तो सर्वांत जास्त वापरला. सोसायटीच्या वॉचमनने माणसांची तोंडे न पाहता फक्त गाडीच्या नंबरावरून फाटक उघडावे, तशी ही पद्धत होती. फोन नेटवर्कवर आला की डीएचसीपी ही व्यवस्था त्याचा मॅक पत्ता पाहून त्याला आयपी पत्ता देते आणि ठरावीक मुदतीपुरती त्याची नोंद ठेवते. १९८२ मध्ये ठरलेली एआरपी ही पद्धत कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याकडे आहे, हे शोधून काढते. इथवर सगळे मूळ हेतूला धरून होते. पुढे राउटर बनवणाऱ्यांनी त्याच क्रमांकावर बाकीच्या सोयी रचल्या: मुलांचे वेळापत्रक, ठरावीक उपकरणांनाच प्रवेश, एखाद्या यंत्राला कायम तोच आयपी पत्ता, कोणी किती डेटा वापरला याचा हिशेब, नवे उपकरण दिसताच मालकाला सूचना. या साऱ्या सोयी एका गृहीतकावर उभ्या होत्या: एक उपकरण म्हणजे एक मॅक पत्ता, आणि तो कधी बदलणार नाही.

गृहीतक मोडले ते घरात नाही, रस्त्यावर. १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक आले आणि केबलमधला पत्ता हवेत गेला. वाय-फायवरचा मजकूर कूटबद्ध करता येतो, पण पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे सांगणारे मॅक पत्ते उघडेच राहतात. आजच्या डब्ल्यूपीए३ सुरक्षेतही ते उघडेच असतात. त्यात आणखी एक भर पडली. वाय-फाय चालू असलेला फोन खिशात असतानाही जवळ ओळखीचे नेटवर्क आहे का, असे अधूनमधून हवेत विचारत राहतो. त्या प्रत्येक हाकेत पूर्वी कारखान्यातला पत्ता असे. फोनने कशाशीही जोडून घेतले नाही, तरी जवळ ऐकणारे यंत्र असले की त्याला हा पत्ता कळे.

व्यापाराला त्यातली संधी लवकरच दिसली. अमेरिकेतल्या काही दुकानांनी ग्राहक कोणत्या दालनात किती वेळ थांबतो, पुन्हा कधी येतो, हे त्यांच्या फोनच्या हाकांवरून मोजायला सुरुवात केली. लंडनच्या ‘सिटी’ भागात रस्त्यावरच्या काही कचरापेट्यांमध्ये एका जाहिरात कंपनीने असेच यंत्र बसवले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन ते टिपत होते. ऑगस्ट २०१३ मध्ये ही गोष्ट उघड झाली, आणि तिथल्या स्थानिक प्रशासनाने ती थांबवायला सांगितली. त्या पेट्यांजवळून जाणाऱ्याने कोणत्याही कागदावर सही केली नव्हती, कोणत्याही पडद्यावर ‘मान्य’ दाबले नव्हते.

हेच तंत्र लोकहितासाठीही वापरले गेले. लंडनच्या वाहतूक संस्थेने २०१६ च्या अखेरीस भुयारी रेल्वेच्या ५४ स्थानकांवर चार आठवडे प्रयोग केला. प्रवाशांच्या फोनचे पत्ते परत उलगडता येऊ नयेत अशा रीतीने बदलून साठवले. ५६ लाख उपकरणांच्या ५०.९ कोटी नोंदी जमल्या. किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जाणारे लोक १८ वेगवेगळ्या मार्गांनी जातात, असे त्यातून दिसले. गर्दीचे नियोजन करणाऱ्यांना हे कळणे मोलाचे आहे, आणि या प्रयोगाची माहिती स्थानकांवर लावलेल्या फलकांतून प्रवाशांना दिलेली होती. तरी आकड्यांचे प्रमाण पाहावे. चार आठवड्यांत, फक्त स्थानकांवरच्या वाय-फायच्या जोरावर, एका महानगरातल्या लाखो माणसांच्या हालचालींचा नकाशा तयार झाला. असा नकाशा काढण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

अभियंत्यांना याची जाणीव आधीपासून होती. आयपीव्ही६ या नव्या इंटरनेट पत्त्यांच्या पहिल्या रचनेत यंत्राचा मॅक पत्ता थेट इंटरनेटच्या पत्त्यातच मिसळला जाई. म्हणजे जो क्रमांक घराच्या भिंतीआड राहायचा, तो दूरच्या संकेतस्थळालाही दिसे. जानेवारी २००१ मध्ये टॉमस नार्टन आणि रिचर्ड ड्रेव्ह्ज यांनी त्यावर अधूनमधून बदलणाऱ्या पत्त्यांचा उपाय मांडला. वाय-फायच्या बाबतीत पाऊल उचलायला मात्र २०१४ उजाडले. त्या वर्षी आयओएस ८ मध्ये आयफोन नेटवर्क शोधताना खोटा पत्ता वापरू लागला. जोडला गेल्यावर तो खराच पत्ता दाखवी. त्याच नोव्हेंबरात होनोलुलू येथे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफची बैठक भरली. तिथे जमलेल्या तज्ज्ञांनी स्वतःच्याच उपकरणांचे पत्ते बदलत ठेवून नेटवर्क नीट चालते का, याची चाचणी घेतली. २०१५ मध्ये विंडोज १० ने ही सोय दिली, पण ती वापरणाऱ्याने मुद्दाम चालू करावी लागे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ यांनी ती आपणहून चालू ठेवली, आणि जोडल्यानंतरही चालू ठेवली. घरोघरी फरक जाणवला तो इथून.

ही व्यवस्था कशी चालते, हे थोडक्यात समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. फोनजवळ एक गुपित असते. ते आणि वाय-फायचे नाव एकत्र करून फोन त्या नेटवर्कसाठी पत्ता तयार करतो. नाव वेगळे, तर पत्ताही वेगळा. नाव तेच, तर पत्ताही साधारणपणे तोच. म्हणून घरी एक, कार्यालयात दुसरा आणि कोपऱ्यावरच्या कॅफेत तिसरा पत्ता दिसतो, आणि या तिन्ही ठिकाणच्या नोंदी जोडून एका माणसाचा दिवस मांडणे अवघड होते. हा पत्ता साध्या नजरेलाही ओळखता येतो. मॅक पत्त्यात १२ अंक-अक्षरे असतात. डावीकडून दुसरे २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातला नाही, उपकरणाने किंवा एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलेला आहे. अशा स्थानिक पत्त्यांसाठी मानकात मुळापासून एक बिट राखून ठेवलेले आहे. राउटरला कंपनीचे नाव सांगता येत नाही, ते यामुळेच.

पत्ता टिकतो किती काळ, हे मात्र प्रत्येक कंपनीने वेगळे ठरवले आहे. २०२४ मधल्या आयओएस १८ पासून आयफोनमध्ये प्रत्येक नेटवर्कसाठी तीन पर्याय आहेत: ‘ऑफ’, ‘फिक्स्ड’ आणि ‘रोटेटिंग’. ‘फिक्स्ड’मध्ये त्या नेटवर्कवर एकच खासगी पत्ता राहतो. ‘रोटेटिंग’मध्ये तो साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. सुरक्षित पासवर्ड असलेल्या नेटवर्कवर आयफोन आपणहून ‘फिक्स्ड’ निवडतो, तर उघड्या किंवा कमकुवत सुरक्षेच्या नेटवर्कवर ‘रोटेटिंग’. त्याच वर्षी सिकोया या आवृत्तीसोबत ही सोय ॲपलच्या मॅक संगणकांवरही आली. म्हणजे २०२० मध्ये फोनपुरता असलेला प्रश्न आता लॅपटॉपपर्यंत पोहोचला आहे.

आता घरात यावे.

सर्वांत जास्त तक्रारी मुलांच्या वेळापत्रकाबद्दल असतात, आणि त्या रास्त आहेत. राउटरवरचा नियम एका पत्त्यावर लावलेला असतो. पंधरा वर्षांच्या मुलाने फोनच्या सेटिंगमध्ये खासगी पत्ता बंद केला, की फोन कारखान्यातला पत्ता दाखवतो. त्या पत्त्यावर नियमच नाही. पालकांनी तोही पत्ता यादीत घातला, तर ‘रोटेटिंग’ निवडून नवा पत्ता मिळवता येतो. बंदी घातलेल्यांची यादी ठेवून हा खेळ जिंकता येत नाही, कारण नव्या पत्त्यांना अंत नाही. नियम उलटा करावा लागतो. यादीतल्या ओळखीच्या उपकरणांनाच पूर्ण नेट मिळेल आणि कोणताही नवा पत्ता मालकाने मान्य करेपर्यंत थांबेल, अशी सोय काही राउटरांत असते. त्याहून भक्कम उपाय म्हणजे वेळेची मर्यादा फोनवरच लावणे. आयफोनचे ‘स्क्रीन टाइम’ किंवा गूगलचे ‘फॅमिली लिंक’ मुलाच्या खात्यावर चालते. ते मॅक पत्त्याकडे पाहतही नाही, आणि मुलाने वाय-फाय सोडून मोबाइल डेटा चालू केला तरी लागू राहते. राउटरचा नियम तिथे आधीही निरुपयोगीच होता.

दुसरी अडचण कायमच्या आयपी पत्त्याची. घरात फाइली साठवायचे यंत्र आहे, जाहिराती अडवणारा पाय-होल बसवला आहे किंवा एखाद्या लॅपटॉपपर्यंत बाहेरून पोहोचायचे आहे, अशा वेळी त्या यंत्राचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवतात. राखणी मॅक पत्त्याशी बांधलेली असते. लॅपटॉपने नवा मॅक पत्ता दाखवला की राखून ठेवलेली जागा रिकामी राहते आणि लॅपटॉपला दुसरीच जागा मिळते. पाय-होलमध्ये कोणत्या उपकरणाला कोणता नियम, हे ठरवले असेल तर तेही विस्कटते. अशा यंत्रावर घरच्या नेटवर्कपुरता ‘फिक्स्ड’ पर्याय ठेवला, आणि राखणी त्या खासगी पत्त्याच्या नावे नव्याने केली, की प्रश्न संपतो.

तिसरी अडचण अनेक घरांत असते आणि ओळखू मात्र येत नाही. राउटर दोन लहरींवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बऱ्याच घरांत या दोन्हींना वेगळी नावे दिलेली असतात. सिग्नल वाढवणाऱ्या एक्स्टेंडरला तिसरे नाव असते. पत्ता नावागणिक बदलतो. त्यामुळे दिवाणखान्यात एका नावाशी आणि स्वयंपाकघरात दुसऱ्या नावाशी जोडला जाणारा एकच फोन राउटरच्या नोंदीत दोन उपकरणे म्हणून दिसतो. डेटाचा हिशेब दोन ठिकाणी वाटला जातो, मुलांचा नियम एकाच ठिकाणी लागतो. सगळ्या लहरींना आणि एक्स्टेंडरला एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, तर हा गोंधळ मिटतो. शिवाय घरभर फिरताना फोनला जवळचा सिग्नल पकडणेही सोपे जाते.

उरलेल्या तक्रारी लहान आहेत. फोन कारखान्यातल्या स्थितीत आणला, तर जुने गुपित जाते आणि नवा पत्ता तयार होतो. दुरुस्तीहून परतलेला फोन राउटरला नवखा वाटतो, तो त्यामुळे. पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरात जुन्या नोंदी यादीत साचतात. छपाई, टीव्हीवर चित्र पाठवणे, घरातल्या स्पीकरवर गाणे लावणे या गोष्टींना मात्र खासगी पत्त्याने सहसा धक्का लागत नाही, कारण तिथे उपकरणे एकमेकांना नावाने शोधतात. प्रिंटर चालेनासा झाला म्हणून खासगी पत्ता बंद करून पाहणाऱ्यांनी कारण दुसरीकडे शोधावे.

घरातली सगळीच उपकरणे पत्ता बदलत नाहीत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. फोन, टॅब्लेट, घड्याळ आणि काही लॅपटॉप बदलतात. टीव्ही, कॅमेरा, वाय-फायचा दिवा, पाण्याच्या मोटारीचा स्विच ही यंत्रे बहुधा कारखान्यातलाच पत्ता वापरत राहतात. घरात एका जागी बसलेल्या यंत्राला माणसासोबत गावभर फिरायचे नसते, त्यामुळे त्यात विशेष हानी नाही. उलट सुरक्षेच्या दृष्टीने ज्यांच्यावर जास्त लक्ष हवे, ती हीच स्वस्त कॅमेऱ्यांसारखी यंत्रे आहेत. त्यांना पत्त्यावरून वेगळे काढणे आजही जमते.

सुरक्षेचा विषय निघाला आहे, तर एक जुना समज इथे खोडायला हवा. ‘मॅक फिल्टर लावा, म्हणजे परका कोणी घुसणार नाही’ असा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. तो तेव्हाही कच्चा होता. मान्य उपकरणांचे पत्ते हवेत उघडे फिरतात. ते ऐकून आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता लावणे, हे थोडीशी माहिती असलेल्या माणसाला काही मिनिटांत जमते. दार राखतो तो पासवर्ड आणि डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ची कूटबद्धता. खासगी पत्त्यांमुळे घरची सुरक्षा ढिली झाली, असे म्हणणाऱ्यांनी त्या फिल्टरवर अवाजवी भरवसा ठेवलेला असतो.

खासगी पत्त्यावरही अवाजवी भरवसा नको. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्या काळच्या फोनांची तपासणी केली. फोन बनावट पत्ता दाखवत असला तरी विशिष्ट प्रकारे विचारणा केल्यास कारखान्यातल्या पत्त्यावर तो उत्तर देतो, असे त्यांना आढळले. आयफोनमध्ये तर ऑक्टोबर २०२३ पर्यंत एक दोष होता. वरवर खासगी पत्ता दिसे, पण त्याच नेटवर्कवरील इतरांना उद्देशून पाठवलेल्या काही संदेशांच्या आत खरा पत्ता तसाच जाई. टॉमी मिस्क आणि तलाल हज बक्री या दोन संशोधकांनी तो दाखवून दिला आणि आयओएस १७.१ मध्ये तो दुरुस्त झाला. फोन वेळच्या वेळी अद्ययावत करण्याचे महत्त्व सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

शिवाय ओळख पटवण्याच्या इतर वाटा उघड्याच असतात. नेटवर्कवर येताना उपकरण अनेकदा आपले नाव सांगते, कोणकोणती माहिती हवी ते ठरावीक क्रमाने मागते, आणि त्या क्रमावरून ते कोणत्या जातीचे आहे याचा अंदाज बांधता येतो. आयपीव्ही६ ची ती पहिली रचना सोडली, तर संकेतस्थळांना मॅक पत्ता पूर्वीही दिसत नव्हता. तो राउटरपाशीच थांबतो. पुढे आयपी पत्ता आणि कुकी यांचे राज्य असते. त्यामुळे खासगी पत्ता चालू ठेवला म्हणजे इंटरनेटवर आपण अदृश्य झालो, असे कोणी समजू नये. भारतातल्या सार्वजनिक वाय-फायचे उदाहरण बोलके आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले आणि पुढे ते देशभर पसरले. तिथे जोडताना मोबाइल क्रमांक द्यावा लागतो, त्यावर ओटीपी येतो. सेवा देणाऱ्याला आपण कोण हे आपल्या क्रमांकावरून कळते. मॅक पत्ता कोणताही असो. खासगी पत्ता आपल्याला लपवतो तो फलाटावर ऐकत बसलेल्या तिऱ्हाइतापासून. तेवढे काम तो करतो, आणि ते काम महत्त्वाचे आहे.

घरात मात्र आपल्याच माणसांपासून लपण्याची गरज नसते. तिथे ओळख हवी असते, फक्त ती सांगून-सवरून दिलेली असावी. मानके ठरवणारेही त्याच दिशेने गेले आहेत. वाय-फायच्या ८०२.११ बीएच या सुधारणेत राउटर आणि फोन यांच्यात एक वेगळा ओळखक्रमांक ठरवण्याची सोय केली आहे. तो कूटबद्ध संवादात दिला जातो, बाहेर ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि पुढच्या वेळी फोन नवा मॅक पत्ता घेऊन आला तरी राउटर त्याला ओळखू शकतो. काही राउटरांत प्रत्येक उपकरणाला किंवा घरातल्या प्रत्येक माणसाला वेगळा पासवर्ड देता येतो. मग कोण आले हे पासवर्डवरून कळते. हवेतून सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या क्रमांकाऐवजी दोघांनी आपसात ठरवलेली खूण, असे या दोन्ही मार्गांचे स्वरूप आहे. पत्ता पोहोचवण्याचे काम करील आणि ओळख वेगळी राहील, ही विभागणी मुळातच व्हायला हवी होती.

पुढील प्रकरणे याच क्रमाने जातात. पहिल्या भागात मॅक पत्ता, आयपी पत्ता आणि डीएचसीपी यांची मांडणी आहे. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी ती ओलांडून पुढे जावे. दुसऱ्या भागात आयफोन, अँड्रॉइड, विंडोज आणि मॅक यांच्या सेटिंगमधले पर्याय एकेक करून समजावले आहेत. तिसऱ्या भागात घरातले प्रसंग आहेत: मुलांचे वेळापत्रक, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क, कॅमेरे आणि टीव्ही यांची स्वतंत्र व्यवस्था, अनोळखी नोंद दिसल्यावर करायची तपासणी. शेवटचा भाग वसतिगृहे, लहान दवाखाने आणि शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी मॅक पत्त्यांच्या नोंदवहीवर सगळी मदार ठेवलेली असते, आणि ती वही आता भरवशाची राहिलेली नाही.

ही पुस्तिका तज्ज्ञांसाठी नाही. घरातल्या ज्या एका माणसाकडे ‘नेट चालत नाहीये, जरा बघ ना’ म्हणून सगळे धावतात, त्याच्यासाठी ती आहे. ती व्यक्ती कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी निवृत्त काका, कधी रात्री कामावरून परतलेली आई. त्या सर्वांना एक विनंती आहे. एखादी सोय अडखळली की तंत्रज्ञ किंवा मित्र खासगी पत्ता सरसकट बंद करायला सांगतील, कारण तो उपाय सर्वांत झटपट आहे. त्याऐवजी घरच्या नेटवर्कवर तो ‘फिक्स्ड’ ठेवा, अँड्रॉइडमध्ये जसा आहे तसाच राहू द्या, आणि राउटरमधली नोंद त्या पत्त्याप्रमाणे सुधारा. एखाद्या यंत्रासाठी तो बंद करणे खरोखरच भाग पडले, तरी हे सेटिंग प्रत्येक नेटवर्कचे वेगळे असते. घरी बंद केले, तरी स्थानकावर, दवाखान्यात आणि बाजारात ते चालूच राहते; तिथे त्याला हात लावू नका.